जुलाबाची नोंद कोण ठेवतो?

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई

विषय : बारामती व इंदापूर तालुक्यांत अन्नातून होणाऱ्या साल्मोनेला संसर्गाची नोंद आणि तपास

महोदय,

८ एप्रिल २०२२ रोजी बेल्जियमच्या अन्न सुरक्षा यंत्रणेने आर्लों या गावातला फेरेरो कंपनीचा कारखाना बंद करायला लावला. तिथे बनलेल्या किंडर चॉकलेटमधून मुलांना साल्मोनेला या जिवाणूचा संसर्ग होत होता. ही बातमी आली तेव्हा आमच्याकडे ती जरा जास्तच बारकाईने वाचली गेली, कारण त्याच कंपनीचा एक कारखाना आमच्या बारामती एमआयडीसीत आहे. किंडर जॉय इथे बनते. इथल्या शेकडो घरांची चूल त्यावर चालते, आणि त्यात बायकांची संख्या मोठी आहे. बारामतीच्या कारखान्याचा त्या प्रकरणाशी काहीही संबंध नव्हता, हे आधीच स्पष्ट लिहितो. या पत्रात कोणत्याही कारखान्याविरुद्ध तक्रार नाही.

पत्र लिहायला बसलो ते त्या प्रकरणाचा छडा कसा लागला हे वाचून. ब्रिटनमध्ये एक मूल जुलाबाने आजारी पडले. डॉक्टरने त्याच्या शौचाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. नमुन्याची तारीख २१ डिसेंबर २०२१. नमुन्यात साल्मोनेला सापडला, तो जतन झाला, त्याची जनुकीय ओळख नोंदवली गेली. पुढच्या काही आठवड्यांत दुसऱ्या गावातल्या, तिसऱ्या गावातल्या मुलांच्या शौचातही हुबेहूब तोच जिवाणू निघू लागला. एकमेकांना कधी न भेटलेली मुले, आणि सगळ्यांच्या पोटात एकच जिवाणू. मग घरोघरी विचारपूस झाली : पोराने काय काय खाल्ले होते? उत्तरांमध्ये एकच चॉकलेट पुन्हा पुन्हा आले. एप्रिलच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले की ११ देशांत १५१ रुग्ण आहेत आणि माल निदान ११३ देशांत गेला आहे. रुग्णांत दहा वर्षांखालची मुलेच बहुसंख्य होती. कंपनीला कारखान्यात हा जिवाणू १५ डिसेंबरलाच, म्हणजे त्या पहिल्या नमुन्याच्याही आधी, सापडला होता. संशयाची सुई दुधाच्या स्निग्धांशाच्या टाकीवर आणि तिथल्या गाळणीवर गेली.

कारखान्याची स्वतःची प्रयोगशाळा होती, यंत्रे होती, जगभरची प्रमाणपत्रे होती. तरीही लोकांपर्यंत खबर पोहोचली ती एका आजारी मुलाच्या शौचाच्या नमुन्यातून.

आता हेच मूल सणसर किंवा कळसचे आहे असे समजा. रात्री उलट्या-जुलाब सुरू होतात. सकाळी आई त्याला गावातल्या दवाखान्यात नेते. डॉक्टर नाडी बघतात, जीभ बघतात, एक सलाईन लावतात, प्रतिजैविकाच्या गोळ्या देतात, ओआरएसची पुडी देतात. ताप चढलेला असेल तर ‘वायडल’ ही टायफॉइडची रक्ततपासणी करून घ्यायला सांगतात. तिसऱ्या दिवशी पोरगे उठून शाळेत जाते. डॉक्टरांनी आपले काम केले, आईने तिचे केले. पण त्या मुलाला काय झाले होते हे जगात कोणालाच कळलेले नसते. त्याच दिवशी निमगाव केतकीत, भिगवणमध्ये, माळेगावात आणखी चार मुले तेच खाऊन आजारी पडली असली, तर त्या चौघांना आणि याला जोडणारा धागाच कोणाच्या हाती नसतो. शौचाची कल्चर तपासणी आमच्याकडे क्वचित होते. तिला दोन-तीन दिवस लागतात, पैसे लागतात, आणि अहवाल येईपर्यंत रुग्ण बरा झालेला असतो. मग ती करायची कोणासाठी? रुग्णासाठी तिचा उपयोग खरोखरच थोडा आहे. उपयोग आहे तो पुढच्या पन्नास जणांसाठी, आणि त्या पन्नास जणांचा वकील म्हणून डॉक्टरच्या खोलीत कोणी उभे नसते.

महोदय, ते वकीलपत्र आपल्या खात्याने घ्यावे, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

आमचेच दोन तालुके का, हा प्रश्न आपण विचाराल. नकाशावर बघा. बारामतीत चॉकलेट बनते, चीज बनते, दुधाची भुकटी बनते. श्रायबर डायनामिक्ससारखा मोठा दूध प्रकल्प आहे. इंदापूर तालुक्यात सोनाईसारखा दूध उद्योग उभा राहिला आहे. दोन्ही तालुक्यांत ब्रॉयलर कोंबड्यांची शेड रस्त्याने जाताना मोजता येणार नाहीत इतकी आहेत. उजनीच्या फुगवट्यातला मासा भिगवणच्या बाजारात उतरतो आणि तिथून पुण्या-मुंबईला जातो. हंगामात साखर कारखान्यांच्या आसपास ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. तिथे पाणी कुठले, शौचाची सोय कुठली, हे आपल्याला सांगायला नको. आणि दरवर्षी आषाढात तुकोबांची पालखी या दोन तालुक्यांच्या मधून जाते. दूध, कोंबडी, अंडी, मासे, कारखान्यातला खाऊ आणि लाखोंच्या पंगती, हे सगळे एवढ्याशा टापूत एकत्र सापडणाऱ्या जागा महाराष्ट्रात फार नाहीत.

साल्मोनेला हे जिवाणूंचे एक मोठे खटले आहे, अडीच हजारांहून अधिक प्रकारांचे. त्यातल्या टायफी या प्रकाराने टायफॉइड होतो, ज्याला आमच्याकडची जुनी माणसे मुदतीचा ताप म्हणतात. तो माणसाकडून माणसाला, मुख्यतः पाण्यातून आणि हातातून जातो. बाकीचे बहुतेक प्रकार जनावरांच्या आतड्यात राहतात : कोंबडीच्या, गाईच्या, उंदराच्या. पालीच्याही. ‘दुधात पाल पडून विषबाधा’ ही बातमी मराठी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे छापून येते. घरातली पाल विषारी नसते, पण तिच्या आतड्यात साल्मोनेला असू शकतो. म्हणजे आमच्या आज्यांचा निष्कर्ष बरोबर होता, कारण तेवढे चुकले होते.

दूषित अन्न खाल्ल्यावर सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत केव्हाही त्रास सुरू होऊ शकतो. धडधाकट माणूस चार-सहा दिवसांत आपोआप बरा होतो, त्याला बहुधा प्रतिजैविकही लागत नाही. तान्ही मुले, म्हातारी माणसे, गरोदर बाया, मधुमेह किंवा कर्करोगाने खंगलेले रुग्ण यांच्यात मात्र हा जिवाणू आतड्यातून रक्तात उतरतो आणि मग जिवावर बेततो.

आपल्या खात्याचे नाव निघाले की लोकांच्या डोळ्यांपुढे भेसळ येते. दिवाळीच्या तोंडावर खव्याच्या गाड्या पकडल्या, पनीर नष्ट केले, दुधाचे टँकर ओतून दिले, अशी छायाचित्रे छापून येतात. ही कामे करायलाच हवीत. पण भेसळीत एक चोर असतो, त्याचा हेतू असतो, धाड घातली की तो सापडतो. साल्मोनेलाच्या बाबतीत चोर कोणीच नसतो. अन्नाला वास येत नाही, चव बदलत नाही, रंग बिघडत नाही. वाढणाऱ्यानेही तेच खाल्लेले असते. अशा ठिकाणी धाड घालून काय मिळणार? त्याला शोधायची रीतच वेगळी. ती रीत आजारी माणसापासून सुरू होते आणि मागे मागे जात अन्नापर्यंत, शेडपर्यंत, टाकीपर्यंत पोहोचते.

कोंबडीचे सविस्तर लिहितो, कारण ते मला जवळून माहीत आहे. आमच्याकडचा बहुतेक ब्रॉयलर धंदा कंत्राटी आहे. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे. शेतकऱ्याचे शेड, पाणी, वीज आणि राबणे. बॅच निघाली की किलोमागे पालनखर्च मिळतो. आता साल्मोनेला शेडमध्ये कुठून येतो बघा : हॅचरीतून पिल्लाबरोबर, खाद्यातून, उंदरांमुळे, बोअरच्या किंवा कालव्याच्या पाण्यातून, आधीच्या बॅचच्या तुसातून, पक्षी उचलायला आलेल्या गाडीच्या चाकांतून आणि क्रेटमधून. यातल्या निम्म्या गोष्टी शेतकऱ्याच्या हातातच नाहीत. उरलेल्या निम्म्यांचा खर्च मात्र त्याच्या एकट्याच्या माथी आहे. दोन बॅचच्या मध्ये शेड पंधरा दिवस मोकळे ठेवा, तूस पूर्ण काढा, धुवा, चुना मारा, दाराशी औषधाच्या पाण्यात पाय बुडवून आत जा, हे सगळे त्याला पाठ आहे. पण शेड मोकळे ठेवले की वर्षातली एक बॅच कमी होते, आणि बँकेचा हप्ता काही त्या पंधरा दिवसांत थांबत नाही.

बरे, साल्मोनेलाचे जे प्रकार कोंबडीला मारतात, पिल्लांना पांढरी हगवण लावणारा पुलोरम किंवा मोठ्या पक्ष्यांना झोपवणारा गॅलिनेरम, त्यांच्याकडे धंद्याचे लक्ष असते, कारण तिथे मर झाली की नुकसान दिसते. माणसाला आजारी पाडणारे प्रकार कोंबडीच्या पोटात निवांत राहतात. पक्षी खातो, वाढतो, वजन भरतो. शेतकऱ्याला, सुपरवायझरला, कोणालाच काही दिसत नाही.

मग पक्षी चिकन सेंटरवर येतो. गळा कापून ड्रममध्ये टाकला जातो. सोलणे, पोट काढणे आणि तुकडे करणे, सगळे एकाच ओंडक्यावर आणि एकाच कोयत्याने. तुकडे बादलीतल्या पाण्यात बुचकळून पिशवीत जातात. ते पाणी सकाळचेच असते, रविवारी दुपारपर्यंत त्यात किती कोंबड्या बुडाल्या असतील! एका पक्ष्याच्या आतड्यातला जिवाणू वीस घरांत पोहोचवायला एवढे पुरे. दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही. त्याच्या गाळ्यात नळ नसतो, सांडपाण्याची वाट नसते, आणि त्याला हे समजावून सांगणारा सरकारी माणूस त्याच्याकडे आलेला असतो तो नोंदणीचा कागद बघायला. घरी आणल्यावर आपणही ती कोंबडी नळाखाली खळखळून धुतो, आणि शिंतोडे शेजारी चिरून ठेवलेल्या काकडी-टोमॅटोवर उडतात. रश्शातली कोंबडी उकळून निघते, तिच्यात जिवाणू जगत नाही. आजारी पाडते ती कोशिंबीर.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता आणि नांदेड गावाच्या भागात जीबीएसची (गुलेन-बॅरे सिंड्रोमची) साथ आली तेव्हा पाणी आणि कोंबडी या दोन्हींची चर्चा झाली. रुग्णांच्या शौचात कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. तो साल्मोनेलाचा सख्खा भाऊ नसला तरी त्याच वाटेने येतो. ती साथ ध्यानात आली कारण माणसांचे हातपाय लुळे पडू लागले, रुग्णालये चक्रावली, आणि नमुने राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत गेले. त्याच पाण्याने ज्यांना नुसते जुलाब झाले त्यांची गणती कोणी केली नसती. हातपाय लुळे पडेपर्यंत तपास सुरूच होत नसेल, तर तो फार उशिरा सुरू होतो.

अंड्यांचे तर वेगळेच. एन्टरायटिडिस हा प्रकार कोंबडीच्या अंडाशयात शिरतो, त्यामुळे कवच फुटलेले नसताना, अंडे स्वच्छ दिसत असताना तो आत असू शकतो. डिसेंबर १९८८ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य खात्याच्या राज्यमंत्री एडविना करी यांनी देशातले बहुतेक अंडी-उत्पादन साल्मोनेलाग्रस्त असल्याचे टीव्हीवर सांगितले. विक्री कोसळली, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, आणि दोन आठवड्यांत बाईंना राजीनामा द्यावा लागला. बोलण्यात अतिशयोक्ती होती, पण रोग खरा होता. पुढे तिथल्या अंडी उत्पादकांनी कोंबड्यांना साल्मोनेलाविरुद्ध लस टोचायला सुरुवात केली; १९९८ पासून लसीकरण झालेल्या फार्मच्या अंड्यावर सिंहाचा शिक्का येऊ लागला. २०१७ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेने सांगितले की असे शिक्क्याचे अंडे गरोदर बाईने अर्धेकच्चे खाल्ले तरी चालेल. आमच्याकडे गाडीवर मिळणाऱ्या सुट्या अंड्यावर तारीख नसते, शेडचा पत्ता नसतो, काहीच नसते. अंड्यांचा विषय आमच्याकडे रंगतो तो शाकाहार-मांसाहाराच्या वादात. शाळेच्या आहारात अंडे असावे की नसावे यावर शासन २०२३ मध्ये एक आणि २०२५ मध्ये दुसरे बोलले. पूर्ण उकडलेले अंडे हे सर्वांत निर्धोक अन्नांपैकी एक आहे, ही गोष्ट त्या वादात कोणी काढलीच नाही.

धोका आहे कच्च्या अंड्याच्या मेयोनीजमध्ये. बारामतीत महाविद्यालये वाढली, वसतिगृहे वाढली, त्यांच्यामागून मोमो, सँडविच आणि शोरमाच्या गाड्या आल्या. सकाळी फेटलेले मेयोनीज रात्री अकरापर्यंत चालते, उन्हाळ्यात चाळीस अंशांत. केरळात मे २०२२ मध्ये कासरगोड जिल्ह्यातल्या चेरुवत्तूरला शोरमा खाऊन एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. तिथल्या नमुन्यांत शिगेला आणि साल्मोनेला दोन्ही सापडले. त्यानंतर केरळने, मग तेलंगणाने आणि एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूने कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली. बंदी हा शब्द मला एरवी आवडत नाही. पण हा पदार्थ गाडीवर सुरक्षितपणे बनवताच येत नाही, आणि अंड्याशिवायचे किंवा पाश्चरीकृत अंड्याचे मेयोनीज बाजारात मिळते, त्यामुळे गाडीवाल्याचा धंदाही बुडत नाही. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ३० प्रमाणे एखादा पदार्थ राज्यभर एक वर्षापर्यंत रोखण्याचा अधिकार अन्न सुरक्षा आयुक्तांना, म्हणजे आपल्यालाच आहे. गुटख्यासाठी महाराष्ट्राने तो वर्षानुवर्षे वापरला आहे.

दुधाबद्दल थोडक्यात. पाश्चरीकरणात ७२ अंशांवर पंधरा सेकंदांत साल्मोनेला मरतो, आणि आमच्या घरात दूध उकळूनच घेतात, त्यामुळे पिशवीच्या दुधाची मला फारशी काळजी नाही. पण मोठ्या दूध उद्योगाच्या गावाने दोन गोष्टी विसरू नयेत. १९८५ मध्ये शिकागोजवळच्या एका आधुनिक डेअरीतून पाश्चरीकृत दुधाने साथ पसरली आणि सोळा हजारांहून अधिक रुग्ण प्रयोगशाळेत सिद्ध झाले. फ्रान्समध्ये क्राओं इथल्या लॅक्टालिसच्या कारखान्यातली बाळांच्या दुधाची भुकटी २०१७ च्या डिसेंबरात परत मागवावी लागली, ८३ देशांतून एक कोटी वीस लाखांहून अधिक डबे. त्या कारखान्यात तोच जिवाणू २००५ पासून दडून बसला होता असे पाश्चर संस्थेने शोधले. भुकटी आणि चॉकलेट कोरडे असते, तिथे हा जिवाणू वाढत नाही, पण महिनोन्‌महिने तग धरतो; आणि चॉकलेटमधल्या स्निग्धांशाच्या आडोशाने जठरातल्या आम्लातूनही सुटतो. शिकागो आणि क्राओं, दोन्ही ठिकाणी छडा रुग्णांच्या नमुन्यांतूनच लागला.

आता वारी. बारामतीचा मुक्काम, काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचे रिंगण, सणसर, बेलवाडीचे गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी, आणि मग नीरा ओलांडून पालखी सोलापूर जिल्ह्यात जाते. या दिवसांत आमच्या तालुक्यांत चूल विझत नाही. कोणी पिठलं-भाकरी करते, कोणी भात-आमटी, कोणी शिरा, कोणी खिचडी. ज्याच्या दारात वारकरी जेवला नाही त्याला त्या वर्षी चुकल्यासारखे वाटते. हे अन्नदान कोणत्याही नियमाच्या कचाट्यात सापडून आटावे असे मला मुळीच वाटत नाही. पण पहाटे तीनला उतरवलेली भाताची कढई ताडपत्रीखाली झाकून सकाळी अकराला वाढली जाते, आषाढाच्या दमट हवेत. पाच ते साठ अंशांच्या मधले तापमान म्हणजे जिवाणूंचा सुकाळ. वाढपी दिवसभर उभा असतो, हात धुवायला टँकरच्या नळापर्यंत जावे लागते, आणि त्या रांगेत दोनशे माणसे असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला सप्ताहातल्या एकादशीच्या प्रसादाने सुमारे पाचशे माणसे आजारी पडली. खाटा पुरल्या नाहीत. बाहेर दोऱ्या बांधून त्यांना सलाईनच्या बाटल्या लटकवल्या, ते छायाचित्र देशभर गेले. छायाचित्र सगळ्यांना आठवते. त्या प्रसादात नेमके काय होते हे किती जणांना आठवते?

भंडाऱ्यातली प्रत्येक विषबाधा साल्मोनेलाचीच असते असे नाही. दोन-चार तासांत धडाधड उलट्या सुरू झाल्या तर बहुधा स्टॅफिलोकोकसचे किंवा शिळ्या भातातल्या बॅसिलसचे विष असते. मोठ्या पातेल्यात सावकाश निवलेल्या मटणात क्लोस्ट्रिडियम वाढतो. दुसऱ्या दिवशी ताप-जुलाब घेऊन लोक आले तर साल्मोनेलाचा संशय घ्यावा. प्रत्येकाचा उपाय वेगळा : एकात आचाऱ्याच्या बोटावरची जखम बघायची, दुसऱ्यात भात किती वेळ ठेवला ते, तिसऱ्यात कच्चे आणि शिजलेले कुठे एकत्र आले ते. ‘अन्नातून विषबाधा’ एवढेच लिहून फाईल मिटली तर यातले काहीच कळत नाही, आणि पुढच्या वर्षी तीच कढई तशीच झाकली जाते.

कायद्याकडे येतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६. त्याच्या कलम ३५ मध्ये लिहिले आहे की एखाद्या विशिष्ट भागातल्या नोंदणीकृत डॉक्टरांनी त्यांच्या नजरेस येणाऱ्या अन्न विषबाधेच्या सर्व घटना ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याला कळवाव्यात, अशी अधिसूचना दिल्लीचे अन्न सुरक्षा प्राधिकरण काढू शकते. ‘विशिष्ट भाग’ हे शब्द कायद्यातच आहेत. सगळ्या देशाला एका दमात बांधायची गरज नाही. दोन तालुक्यांपासून सुरुवात करता येते. कलम ६५ मध्ये असुरक्षित अन्नाने मृत्यू झाल्यास निदान पाच लाखांची भरपाई सांगितली आहे. पण कोणत्या अन्नाने कोणता जिवाणू पोटात गेला हे सिद्ध झाल्याशिवाय ती मागणार कोणाकडे? कलम ३५ जागे झाल्याशिवाय कलम ६५ झोपलेलेच राहणार.

आरोग्य खात्याकडे साथींची नोंद ठेवणारी यंत्रणा आहे, हे मला ठाऊक आहे. ती रुग्ण मोजते. अन्नाचा नमुना मात्र आपले अधिकारी घेतात. रुग्णाचा नमुना एका खात्याच्या वाटेने जातो आणि खरकटे दुसऱ्या खात्याच्या, आणि बहुतेक वेळा आपला माणूस गावात पोहोचेपर्यंत पातेली घासून पालथी घातलेली असतात. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आहे. पुण्यात राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आहे. कृषी विज्ञान केंद्र माळेगावला आहे, ते शेतकऱ्यांशी रोज बोलते. म्हणजे नवी इमारत बांधायला नको, नवे पद निर्माण करायला नको. रुग्णालयाने जुलाबाच्या ठराविक रुग्णांचे, विशेषतः रक्ती जुलाब, तापासह जुलाब आणि पाच वर्षांखालची मुले यांचे, नमुने महाविद्यालयाकडे पाठवावेत आणि ते तिथे फुकट तपासले जावेत. साल्मोनेला निघाला की त्याचा प्रकार आणि त्यावर कोणते औषध चालते ते नोंदले जावे. त्याच दिवशी आपल्या बारामतीच्या अधिकाऱ्याला फोन जावा.

औषधाचे मुद्दाम लिहिले. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटी राखून ठेवलेले प्रतिजैविक आपल्या देशात कोंबड्यांच्या वाढीसाठी खाद्यातून दिले जात होते. केंद्राने २०१९ मध्ये त्यावर बंदी आणली. कोंबडीच्या शेडमध्ये जे औषध वापरले जाते त्याला सरावलेला जिवाणू उद्या आमच्याच पोरांच्या रक्तात निघतो. शेडमध्ये काय वापरले जाते आणि दवाखान्यात काय लागू पडत नाही, या दोन वह्या शेजारी ठेवून बघितल्या तर बरेच उमगेल. आमच्या इथे त्या दोन्ही वह्या वीस किलोमीटरच्या आत आहेत.

हे महाराष्ट्राला जमणार नाही असे म्हणू नये. २०१८ मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने टायफॉइडची नवी कॉन्ज्युगेट लस सार्वजनिक मोहिमेत दिली आणि पहिल्याच टप्प्यात एक लाखाहून अधिक मुलांना टोचली. सरकारी मोहिमेत ती लस वापरणारी ती जगातली पहिली जागा होती. एका महापालिकेने ठरवले आणि केले. त्यासाठी साऱ्या देशाची वाट पाहिली नाही.

पालखीबद्दलही एक मागणी आहे. धार्मिक समारंभात अन्नवाटप करणाऱ्याचा समावेश कायद्याने छोट्या अन्न व्यावसायिकांत केलेलाच आहे, पण नोंदणीचा बडगा घेऊन आपण गावात आलात तर मंडळे आपल्याला पाणीही विचारणार नाहीत. त्याऐवजी पालखीच्या महिनाभर आधी गावोगावच्या आचाऱ्यांना ग्रामपंचायतीत बोलवा. आमचे आचारी हुशार असतात. त्यांना दोन हजार माणसांचा अंदाज न मोजता येतो. त्यांच्या हातात अन्नात खुपसून बघायचा तापमापक द्या. शिजल्यापासून वाढेपर्यंत किती तास, याचे उत्तर त्यांच्याकडूनच काढून घ्या. थोड्या थोड्या वेळाने शिजवा, एकदम नको, हे एकदा पटले तर पुढे सांगावे लागत नाही. आणि प्रत्येक पंगतीतून वाटीभर अन्न झाकून, तारीख-वेळ लिहून, गावातल्या एखाद्या फ्रीजमध्ये दोन दिवस ठेवायला सांगा. काही बिघडले तर तपासायला निदान तेवढे हाती राहील.

एक भीती मी आधीच बोलून दाखवतो, कारण ती आमच्याकडे चहाच्या टपरीवर लगेच निघेल : नोंद ठेवायला लागलो की बारामती-इंदापूरचे आकडे फुगतील, गावाची बदनामी होईल, कोंबडीचा भाव पडेल, निर्यातदार पाठ फिरवेल. आकडे फुगतील हे खरे आहे. जिथे मोजतात तिथे रुग्ण दिसतात. म्हणून ही जोखीम शेतकऱ्याच्या आणि गाडीवाल्याच्या डोक्यावर टाकू नका. पहिली दोन वर्षे या नोंदींवरून कोणावर खटला भरला जाणार नाही, फक्त सुधारणा सांगितली जाईल, असे आपण लेखी जाहीर करा. जाणूनबुजून केलेली भेसळ त्यातून वगळा. कंत्राटी कंपन्यांना बोलवून पिल्लांची आणि खाद्याची साल्मोनेला तपासणी शेतकऱ्याला दाखवणे बंधनकारक करा. शेड मोकळे ठेवण्याच्या पंधरवड्याचा काही भार त्यांनीही उचलावा. बदनामीचे म्हणाल, तर आर्लोंचा कारखाना जूनमध्ये अटींवर पुन्हा सुरू झाला आणि तिथले चॉकलेट लोक आजही खातात. ब्रिटिश अंड्यांची पतही रोग मान्य करून लसीकरण सुरू झाल्यावर परत आली.

महोदय, कलम ३५ खाली बारामती आणि इंदापूर तालुक्यांसाठी अधिसूचना काढावी अशी शिफारस आपण दिल्लीच्या प्राधिकरणाला पाठवा, वैद्यकीय महाविद्यालयाशी नमुन्यांचा करार करा, आणि दोन्ही पत्रांची प्रत बारामती व इंदापूर पंचायत समितीच्या फलकावर लावा. हे येत्या आषाढीच्या आधी व्हावे.

आपला,
बारामती तालुक्यातील एक रहिवासी